होकार देणारी तोंडं

२४ जानेवारी २०१३

काल संस्थेची सभा झाली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मी प्रोसिडिंग बुकावर सह्या न घेता घरी आले.

आमच्या दूध संस्थेची रीत ठरलेली आहे. सचिव म्हणून मी आदल्या दिवशीच ठराव लिहून ठेवते, खाली 'सर्वानुमते मंजूर' असं घालते. सभेत चहा होतो, वही फिरते, ज्यांना लिहिता येत नाही ते अंगठा देतात. कोणी कधी विरोध केला नाही. केला असेल तर बाहेर बाभळीखाली केला असेल, वहीपर्यंत तो आला नाही.

कालचा ठराव माझा होता. गावात आता पाचच बोअरांना पाणी उरलं आहे. पिण्यासाठी टँकर येतो, जनावरांसाठी येत नाही. ही पाच बोअरं पाइपानं संस्थेसमोर बांधायच्या एका हौदाला जोडायची, पाळ्या लावायच्या आणि बासष्ट सभासदांच्या जनावरांनी तिथं पाणी प्यायचं. नाहीतर जनावरं छावणीला जातील किंवा युसूफ वडगावच्या बाजारात. रोजचं दूध संकलन साठ लिटरच्या खाली गेलं तर पंधरा मार्चपासून दुधाची गाडी आमच्या गावाला वळणार नाही, असं तालुक्याच्या दूध संघानं कळवलं आहे. एकदा बंद झालेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. शेजारच्या दोन गावांचं मी पाहिलं आहे.

मी ठराव वाचला. पाच बोअरवाल्यांपैकी चौघं समोर होते. चेअरमन मोहनराव म्हणाले, "बाईंचा इचार चांगला हाय." शहादेव हसून म्हणाला, "तुमी लिव्हा बाई, आमी सही करतो." म्हाताऱ्या कारभारींनी मान हलवली. मालनबाई ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत बसल्या.

वही पुढे करणार तेवढ्यात मी सगळ्यांकडे पाहिलं. माना हलत होत्या, पण भुवया हलत नव्हत्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पाण्याचा विषय, आणि सभेला आलेल्या अकरा माणसांत एकानंही 'किती तास' असं विचारलं नाही. मी वही मिटली. म्हटलं, सह्या नंतर घेऊ.

बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं. जीभ खोटं बोलते तेव्हा तोंडाचे बारीक स्नायू खरं बोलून जातात, असं आमचे सर शिकवायचे. वीस वर्षांत त्याचा मला काही उपयोग झाला नाही. आता करून बघते. खोट्या होकारावर पाइप टाकला, तर पहिल्या आठवड्यात कोणीतरी कॉक बंद करील आणि सगळंच मोडेल.

२६ जानेवारी

झेंडावंदनाहून आल्यावर ह्यांना म्हटलं, पाचवं बोअर आपलं आहे, तेव्हा पहिलं संमतीपत्र आपलंच जाऊ दे. हे जेवत होते. म्हणाले, "कर की." अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. जानेवारीतच ऊन एवढं, की भूक मरते.

घरचा होकार हातात असल्यानं बरं वाटलं. दुसऱ्याच्या दारात ताठ मानेनं जाता येईल.

२ फेब्रुवारी

दूध घालून झाल्यावर कारभारींकडे गेले. त्यांनी खाटेवर बसवलं, चहा दिला. माझ्यासारख्या भीमनगरातल्या बाईला कपबशी कोणती द्यायची यावर आत कुजबुज झाली, ती ऐकू आली. कारभारींनीच आत ओरडून सांगितलं, "हाय ती आण गं!"

मी विचारलं, "काका, बोअर द्याल ना?"

"देऊ की."

'देऊ की' म्हणताना त्यांची हनुवटी वर गेली आणि डाव्या डोळ्याखालचं कातडं ओढलं गेलं. मी म्हटलं, "काका, तुमच्या मनात नाही."

म्हातारे दचकले. मग हसले. "आता चहा पाजल्यावर मानसाला न्हाई कसं म्हनावं? तोंडावर न्हाई म्हनायची आमची रीत न्हाई."

"मग नाही कसं कळवता?"

"कळतंय की आपोआप. इचारनारा दुसऱ्यांदा येत न्हाई."

"मी दुसऱ्यांदा येणार."

"या. मग दुसऱ्यांदा चहा न्हाई पाजनार."

येताना मी हसत होते. पण हे बरोबर आहे का? माणसानं जे झाकून ठेवलं आहे ते त्याच्या चेहऱ्यावरून वाचायचं म्हणजे परवानगीशिवाय त्याच्या घरात शिरणंच झालं. वाचलेलं मी त्याला तिथल्या तिथं सांगते, मनात ठेवत नाही. एवढी तरी सभ्यता पाळते, असं स्वतःला समजावलं.

५ फेब्रुवारी

मोहनरावांच्या चेहऱ्यावर काही सापडत नाही. तीन निवडणुका लढवलेला माणूस. "आप्पा, तुमचं संमतीपत्र?" म्हटलं की ते खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसतात. पुसून बाहेर येतं ते नवीनच तोंड असतं. आज दोनदा पुसलं. पाच बोअरवाल्यांच्या नावांचं एक पान केलं आहे, त्यावर त्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह.

९ फेब्रुवारी

शहादेवचा होकार पक्का. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडेपर्यंत हसतो. खऱ्या हसण्याची हीच खूण. स्वतःहून म्हणाला, "बाई, माज्याकडं तीनशे फूट पाइप पडून हाय, तोबी घ्या. आन् आमच्या पंडितला सांगा, टेन्शन घेऊ नको म्हनावं." पंडित म्हणजे आमचे हे. हे कसलं टेन्शन घेतात, ते कळलं नाही. शहादेवला चेष्टेची सवयच आहे.

मालनबाई आज दूध घालायला आल्या. पदर नाकापर्यंत, कपाळाला आठी, ओठ तसेच मिटलेले. मी "पाण्याचं काय ठरवलंत?" म्हटलं, तर त्यांनी नुसती मान झटकली आणि घाईनं बाहेर गेल्या. नवऱ्यामागं वीस वर्षं एकटीनं शेती केलेली बाई. आपलं पाणी ती कशाला सोडील? त्यांच्या नावावर फुली मारली. त्यांच्याकडे जाण्यात वेळ घालवायचा नाही.

१४ फेब्रुवारी

संकलन चौऱ्याहत्तर लिटर.

हे हल्ली डबा शेतातच मागवतात. संध्याकाळीही उशिरा येतात. बागेत फार काम निघालेलं दिसतं. एकशेऐंशी मोसंबीची झाडं एकट्यानं सांभाळणं सोपं नाही. विचारलं तर म्हणतात, "काय न्हाई." कष्टाळू माणूस.

१७ फेब्रुवारी

कारभारींकडे दुसऱ्यांदा गेले. चहा खरंच मिळाला नाही. त्यांनी मात्र भडाभडा सांगितलं. त्यांना पाणी द्यायचं आहे, पण पाळी मोहनरावांचा गडी ठरवणार असेल तर द्यायचं नाही. "त्यो पयलं त्यांच्या म्हशी धुईल, मंग आमच्या वासराला थेंब ठिवील." मी लिहून घेतलं, पाळी संस्था ठरवील, कोणाचा गडी नाही. "मंग व्हय," म्हणाले. या वेळी हनुवटी जागेवर होती.

एका 'नाही'च्या आत इतकी साधी गोष्ट होती. मी हुरूप घेऊन घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. हे चप्पल घालत होते. म्हणाले, "चांगलं झालं की," आणि बाहेर गेले.

२० फेब्रुवारी

शहादेवच्या शेतात बोअरची गाडी आली आहे. कालपासून धडधड चालू आहे. हौदाला पाणी द्यायच्या आधी स्वतःसाठी दुसरं बोअर तो माझ्यापासून लपवून पाडतो आहे, जुन्याच्या शेजारीच, आणखी खोल. ते लागलं तर जुनं आटेल, आणि आटलेलं बोअर तो मला आनंदानं देईल. पाइपासकट.

डोळ्यांच्या सुरकुत्या खऱ्याच होत्या. त्याला खरंच हसू येत होतं. माझं हसू येत होतं, एवढंच मला ओळखता आलं नाही.

राग स्वतःचा आला आहे. महिनाभर मी लोकांची तोंडं तपासत फिरते आणि गाव मला बघून हसतं आहे. पण ठराव सोडणार नाही. आज संकलन एकोणसत्तर.

२३ फेब्रुवारी

शहादेवच्या बाबतीत चुकले, तर मालनबाईंच्या बाबतीतही चुकले असेन. या एका विचारावर आज त्यांच्या मळ्यात गेले. त्या गोठ्यापाशी उभ्या होत्या. तेच मिटलेले ओठ, तीच आठी. मला बघून त्यांनी बोट वर करून थांबवलं, बांधापलीकडे गेल्या, लांब काळी पिंक टाकली, चूळ भरली आणि तोंड पुसत आल्या.

"बोला आता."

मी बघतच राहिले. "तोंडात मिसरी होती?"

"दातानं जीव खाल्लाय दोन म्हैने. मिसरी धरली की जरा ऱ्हातंय. तुमच्या हापिसात थुंकायला जागा कुठं हाय? सभेत गिळून बसावं लागतंय."

"मग त्या दिवशी दूध घालताना मान झटकलीत ती?"

"बाहीर जायचं व्हतं ना, थुंकायला! तुमी दारात उभ्या." मग त्यांचा आवाज बदलला. "पाच जनांत मला शेवटी इचारता? बाईमानूस म्हनून?"

तसं नाही, मी तुमचं तोंड वाचून नकार धरला, हे मी कबूल केलं. त्या मोठ्यानं हसल्या. दाताला कळ गेली तशा गालाला हात लावून हसत राहिल्या. त्यांचा होकार पहिल्या दिवसापासूनचा आहे. तीन म्हशी आहेत, त्यांना बाजार दाखवायचा नाही.

निघताना म्हणाल्या, "समद्या गावाची तोंडं बघितलीत. पंडितचं बघितलं का?"

"त्यांचा होकार आहे. पहिला त्यांचाच."

"आवाजाचा आसंल. परवा बांधावर भेटला. मी म्हनलं, तुमच्या बोअराचं लई चांगलं काम हुतंय. त्यानं अशी दातखीळ बसल्यावानी मान फिरवली. मला तर वाटलं ह्यानंबी मिसरी धरली."

मी म्हटलं, ते कमी बोलतात. रस्ताभर मला त्या बाईचा राग आला. आमच्या घरातलं तिला काय कळतं?

२४ फेब्रुवारी

सकाळी ही वही पहिल्यापासून वाचली. अर्धी भाकरी. डबा. उशीर. चप्पल. मी सगळं पाहिलं होतं, तारीख घालून लिहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी कारणही मीच देऊन टाकलं होतं. ऊन. काम. कष्टाळू माणूस.

तशीच शेतात गेले. हे मोसंबीच्या आळ्यात पाचट पसरत होते.

म्हटलं, "अहो, तुम्हाला बोअर द्यायचं नाही ना?"

हातातलं पाचट खाली पडलं. ते उचलून पुन्हा आळ्यात पसरलं. मग म्हणाले, "न्हाई."

"मग एक महिना बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस कुठं? तू सांगितलंस. 'पहिलं आपलं जाऊ दे.' झालं."

मी झाडांचं बोलू लागले. झाडं वाचवता येतील, पाचट आहे, बुडाशी पाण्याची मडकी लावू. ह्यांनी हातानं थांबवलं.

"झाडाचं न्हाई ते. झाडं गेली तर पुन्हा लावीन. आई आडावर घागर घेऊन उभी ऱ्हायची, मी तिच्या लुगड्याला धरून. कुनाला दया आली तर वरून घागरीत ओतायचं. कुनी यायचं न्हाई तर दुपार व्हायची. सहा हंगाम ऊस तोडला तवा हे बोअर पडलं. आमच्या सात पिढ्यांत पयल्यांदा पानी आमच्या नावावर हाय. सात-बाऱ्यावर. आन् तू म्हनतीस, त्याचा पाइप चेअरमनच्या हापिसापुढच्या हौदाला लाव. त्यांनी मागायला तरी यावं का न्हाई माझ्या दारात? कुनी आलं? तूच आलीस, तीबी संस्थेची सेक्रेटरी हून."

 मी त्याच वस्तीतली सून आहे. कारभारींच्या घरातली कपबशीची कुजबुज मी ऐकली, लिहिली आणि तरी मला हे सुचलं नाही. हौद कुठं बांधायचा, हे मी कोणाला विचारलंच नव्हतं. संस्थेसमोर, असं गृहीत धरलं होतं.

पण भीमनगरातल्याही अकरा घरांची जनावरं आहेत. तीही तहानलेली आहेत. ठराव मी मागे घेणार नाही. तसं ह्यांना तिथंच सांगितलं. "सभा होणार. तुम्ही या आणि जे मला सांगितलं ते तिथं सांगा. विरोधात बोला."

"बायकूच्या ठरावाच्या इरुद्ध? गाव काय म्हनंल?"

"गाव आपल्या दोघांना गेला महिनाभर हसतंच आहे."

पहिल्यांदा ह्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. काय ते लिहीत नाही. मला आता अशा गोष्टींची खात्री वाटत नाही.

३ मार्च

विशेष सभा. शाळेच्या पटांगणात, सकाळी नऊ वाजता. पन्नासेक सभासद आले. चहा मुद्दाम ठेवला नाही. त्यावरून कुरबूर झाली.

प्रोसिडिंग बुकाचं पान कोरं नेलं. उभी राहून म्हटलं, "ठराव मांडायच्या आधी सांगते. या ठरावावर आमच्या घरातच एकमत नाही."

 मागून कोणीतरी म्हणालं, "घरात भांडा की, हितं कामून?" हशा झाला.

हे उभे राहिले.  "माझा इरोध हाय. हौद संस्थेपुढं बांधनार असाल तर माझं बोअर न्हाई. हौद भीमनगराच्या तोंडाला बांधा, वडाखाली. तिथं समद्यांची जनावरं आली, समद्यांनी आपल्या हातानं पानी काढलं, तर माझं पानी. न्हाईतर न्हाई."

मोहनरावांनी उपरणं उचललं. मी म्हटलं, "आप्पा, तोंड नंतर पुसा. बोअर ज्याचं, त्यानं आज आपल्या तोंडानं हो किंवा नाही म्हणायचं. मी नाव घेते. कारभारी."

"जनावराला कुठलाबी वड चालतो," कारभारी म्हणाले. "माझा व्हय."

"मालनबाई."

मालनबाईंनी बोट वर केलं, पटांगणाच्या कडेला जाऊन थुंकून आल्या. "व्हय." पुन्हा हशा.

"शहादेव."

"बघू की बाई, जमलं तर..."

"'बघू' असा रकाना नाही."

"अरे, पन मानसाला इचार तर..."

"नवीन बोअरला पाणी लागलं का?" मालनबाईंनी विचारलं. लागलं नव्हतं, सहाशे फुटांवर धूळ निघाली, हे सगळ्यांना माहीत होतं. शहादेवचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण ते आता कोणाच्या कामाचं नव्हतं. खाली बघत म्हणाला, "माझं न्हाई. माझं एकच उरलंय."

मी लिहिलं: शहादेव, नाही. लिहिताना मला त्याचा राग आला नाही. त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला खरा शब्द होता.

"मोहनराव."

ते उभे राहिले. तोंड पुसलं नाही. "भीमनगरात माझ्या म्हशी पान्याला जानार न्हाईत. माझं न्हाई. लिव्हा."

 अकरा वर्षं मी ज्या माणसाचा होकार विचारायच्या आधीच लिहीत आले, त्याचा हा नकार. नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं. मग बाकीच्यांनी हात वर केले. पाचापैकी तीन बोअरांवर, वडाखालच्या हौदाचा ठराव बहुमतानं मंजूर. विरोध करणाऱ्यांची नावं खाली आहेत. सर्वांनी वाचून सही केली. मोहनरावांनीही.

तीन बोअरं पुरतील का, माहीत नाही.

१३ मार्च

हौद तयार झाला. भीमनगरातल्या आणि वरच्या आळीतल्या माणसांनी मिळून गिलावा केला, म्हणजे एकत्र जेवले नाहीत पण एकत्र खोरी चालवली. आठ घरांची जनावरं अजून येत नाहीत. मोहनरावांची तर नाहीतच. पण आज त्यांच्या पत्नी तुळजाबाई दोन गाई घेऊन स्वतः आल्या. बादली हौदात बुडवली, गाईंना पाजलं आणि गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी नोंदवत नाही. विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

१५ मार्च

संकलन त्रेसष्ट लिटर. गाडी आली.

१६ मार्च

पाळ्यांचा तक्ता करत बसले होते. हे दारात आले. म्हटलं, "आपलं बोअर रोज चार तास चालवायचं का?"

"न्हाई."

लगेच. ताठ. मी पेन खाली ठेवलं. "कामून?"

हे उंबऱ्यात बसले आणि सांगू लागले. बोअर सलग चार तास ओढलं तर दमतं, गाळ येतो, दोन तास चालवून विश्रांती द्यायला हवी. शिवाय साठ झाडं जगवायची आहेत. "एकशेवीस सोडली मी. साठ न्हाई सोडनार."

मी म्हटलं, दोन तासांत हौद अर्धासुद्धा भरत नाही, संध्याकाळची जनावरं परत जातील. आणि मीही म्हटलं, "नाही."

"तू कधी बागेत पाइप धरलास का?"

"तुम्ही कधी संध्याकाळी हौदावर रांग पाहिलीत का?"

शेजारच्या छबुबाई भिंतीवरून डोकावून गेल्या. आमच्या घरातून एवढा आवाज त्यांनी कधी ऐकला नसेल. हे अडीच तासांवर आले आहेत. मी तीनवर आहे. चहाला आधण ठेवलं आहे, पण तो पिऊन कोणी गप्प बसेल असं दिसत नाही. उंबऱ्यातून हे विचारत आहेत, लिहून झालं का.